कोरड्या ओढ्यांस पाणी

(संकटसमयीं दया व पुनःस्थापना मागणाऱ्या स्तोत्रांविषयीं पाठ)

वाचावयाचे भाग : स्तोत्रें ८५ व १२६. त्यांबरोबर ४४, ५१, ६९, ८०, ८८, १०७ व १३० हीं स्तोत्रें जवळ ठेवावीं.

पुणें जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, इंदापूर तालुक्यांत, नीरा व भीमा या नद्यांचा संगम होतो आणि त्या संगमावर नरसिंहपूर हें गांव आहे. नृसिंहाच्या देवालयामुळें व नदीवरील घाटामुळें त्याचें नांव दूरवर ठाऊक आहे. परंतु आमच्या आजच्या पाठास त्या गांवची दुसरीच एक गोष्ट उपयोगी पडते. हा सगळा मुलूख सह्याद्रीच्या आडोशास पडलेला, पर्जन्यछायेचा. कित्येक वर्षीं आषाढ उलटून जातो, शेतांतलें ढेकूळ विरघळत नाहीं, आणि तरीही एके सकाळीं नदीचें पाणी गढूळ होऊन चढूं लागतें. पाऊस येथें पडलेलाच नसतो. तो भोरच्या डोंगरांत व भीमाशंकराकडे पडलेला असतो. नीरेवर वीरचें व भीमेवर उजनीचें धरण झाल्यापासून तें पाणी धरणाच्या दारांतून सुटून येतें, इतकाच काय तो फरक. कांठावरल्या माणसाच्या डोक्यावर आभाळ कोरडें असतें आणि पाणी तर त्याच्या पायाशीं येऊन ठेपतें.

यहूदा देशाच्या दक्षिणेस नेगेब नांवाचा रखरखीत प्रांत आहे. तेथील ओढे वर्षाचे बहुतेक महिने नुसते वाळूचे पाट असतात. दूरच्या टेकड्यांवर एक जोराची सर पडली कीं तेच पाट घटकेंत दोन्ही थड्या भरून वाहूं लागतात. आपल्या लोकांची गेलेली दशा परमेश्वरानें त्या ओढ्यांसारखी पालटावी, असें १२६ व्या स्तोत्राचा कर्ता मागतो. ज्यानें नरसिंहपूरची नदी पाहिली आहे त्याला हा दृष्टांत कोणी समजावून देण्याची गरज नाहीं.

हा पाठ लिहिण्यास एक कारण घडलें. एका मंडळींत प्रार्थनासभा आटोपल्यावर एक वृद्ध बाई मागें राहिल्या व आम्हांस म्हणाल्या, “गुरुजी, दोन वर्षें पीक नाहीं. विहिरीनें तळ गांठला. धाकट्यानें कर्जापायीं दुभती म्हैस विकली. काल रात्रीं मी देवाशीं भांडलें. तूं झोंपलास काय, असें त्याला विचारलें. आतां प्रार्थनेला तोंड उघडायची लाज वाटते. हें पाप मी कोणापुढें कबूल करूं?” आम्हीं त्यांस ४४ वें स्तोत्र वाचून दाखविलें. त्यांत सगळी मंडळी मिळून परमेश्वरास जवळजवळ हेंच विचारते. बाईंनीं तें पुन्हा वाचावयास लाविलें. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्या एवढेंच म्हणाल्या कीं, हें आम्हांला आधीं कां नाहीं सांगितलें? त्या प्रश्नास आमच्याजवळ चांगलेंसें उत्तर नव्हतें.

खरी गोष्ट अशी आहे कीं, आमच्या उपासनांत ठरावीक स्तोत्रेंच वाचलीं जातात. मेंढपाळाचें २३ वें, उपकारस्तुतीचें १०० वें, १०३ वें, डोंगरांकडे दृष्टि लावणारें १२१ वें. हीं गोड आहेत व तीं वाचलींच पाहिजेत. परंतु १५० स्तोत्रांपैकीं सुमारें तिसरा हिस्सा विलापाचा व गाऱ्हाण्याचा आहे, तो आम्ही मिटूनच ठेवितों. मग खेड्यांतल्या साध्या विश्वासणाऱ्याची अशी समजूत होऊन बसते कीं, देवापुढें हंसऱ्या तोंडानेंच गेलें पाहिजे, आणि ज्याच्या घरांत दाणा नाहीं त्यानें आपलें रडें दाराबाहेर ठेवून आंत यावें. स्तोत्रकर्त्यांची रीत अशी नव्हती. ते गाऱ्हाणें देवाविषयीं दुसऱ्याजवळ करीत नाहींत. खुद्द देवाजवळच करितात. कुरकुर व विलाप यांतला सगळा फरक आमच्या मतें येथेंच आहे. अरण्यांत इस्राएल लोक तंबूंत बसून आपसांत कुरकुरले, आणि तें त्यांस दोष म्हणून लागलें. ४४ व्या स्तोत्राचे शब्द त्याहून कडक आहेत. तरी ते उपासनेंत गावयाचे शब्द म्हणून पवित्र शास्त्रांत जपले गेले.

आतां १२६ वें स्तोत्र सावकाश वाचावें. यरुशलेमेस चढून जाणाऱ्या यात्रेकरूंचीं जीं १५ गीतें १२० पासून १३४ पर्यंत आलीं आहेत, त्यांतलें हें एक. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी दरवर्षीं बारामती, इंदापूर, सराटी या वाटेनें नीरा ओलांडून पंढरपुरास जाते, तेव्हां चालणाऱ्यांचीं पदें रस्त्याकांठच्या आमच्या घरांतही ऐकूं येतात. पायीं चालतांना गावयाचें गीत कसें असतें, तें लांबलचक कां नसतें आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा कां घोळविली जाते, हें आम्हां महाराष्ट्रीयांस अनायासें कळतें. १२६ वें स्तोत्रही अवघें सहा वचनांचें आहे. पहिल्या अर्ध्या भागांत आनंद भरून वाहतो. देवानें सियोनास माघारे आणिलें, तेव्हां लोकांना तें स्वप्नच वाटलें, तोंडें हंसण्यानें भरून गेलीं, परराष्ट्रीयांनीं देखील तें कबूल केलें. आणि लगेच, श्वास घेतांच, विनंती : आम्हांस पुन्हा परत आण.

येथें वाचक अडखळतो. जे परत आलेले आहेत ते परत आणण्याची विनंती कां करितात? इतिहास पाहिला म्हणजे कोडें उलगडतें. ख्रिस्तपूर्व ५३८ च्या सुमारास कोरेश राजाच्या आज्ञेनें कांहीं यहूदी बाबेलहून मायदेशीं आले. परंतु ज्या गांवीं आले तें पडकें होतें. मंदिराचा पाया घालतांना पहिलें मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्यानें रडले व तरुण हर्षानें ओरडले, आणि दोहोंचा आवाज वेगळा ओळखूं येईना, असें एज्राच्या तिसऱ्या अध्यायांत लिहिलें आहे. पुढें अवर्षण पडलें. पुष्कळ पेरून थोडें हातीं आलें, हें हाग्गय संदेष्ट्याच्या पुस्तकांत वाचावें. म्हणजे एकदां दया मिळाली, तरी तिनें सगळें संपलें नाहीं. स्तोत्रांतली पुनःस्थापना बहुतकरून अशांनींच मागितलेली आहे, ज्यांना ती पूर्वीं एकदां मिळून चुकली होती. मागच्या दयेची आठवण ही त्यांच्या नव्या मागणीचा आधार आहे. ८५ वें स्तोत्रही असेंच चालतें : पहिल्या तीन वचनांत मागची कृपा, मग चार वचनांत आजची याचना.

ही गोष्ट आमच्या याच मुलखाच्या इतिहासांत कशी दिसते तें थोडें विस्तारानें सांगण्याची परवानगी वाचकांनीं द्यावी. कंपनी सरकारच्या काळीं प्रिंगल नांवाच्या अंमलदाराच्या पाहणीवरून १८३० च्या सुमारास पुणें जिल्ह्यांत नवा सारा बसला. कागदावर ती पाहणी मोठी शास्त्रोक्त होती. शेतांत ती खोटी ठरली. मोजणींत चुका होत्या, खालच्या नोकरांनीं लांच खाल्ले, आकार जमिनीला पेलवेना, त्यांत पावसानें पाठ फिरविली. इंदापूर तालुक्यांत जमिनी ओस पडल्या, रयत घरेंदारें टाकून परमुलखांत निघून गेली. तेव्हां १८३६ मध्यें गोल्डस्मिड व विंगेट या दोघां अंमलदारांनीं याच तालुक्यांत नव्यानें मोजणी केली, जमिनीची प्रत पाहून सारा उतरविला व तो तीस वर्षांकरितां कायम केला. मुंबई इलाख्यांतील पुढच्या साऱ्या जमीनमहसुलाच्या पद्धतीची सुरुवात इंदापुरास झाली ती अशी. ओस पडलेलीं शेतें पुन्हा लागवडीस आलीं.

सरकारच्या स्तुतीसाठीं आम्ही हें सांगत नाहीं. आधींची चूकही सरकारचीच होती. सांगावयाचें तें हें कीं, त्या वेळीं रयतेवर दया झाली ती खऱ्या मोजणीच्या वाटेनें झाली. ८५ व्या स्तोत्रांत दया व सत्य एकमेकांस भेटतात, आणि न्याय व शांति एकमेकांस प्रेमानें भेटतात, असें वर्णन आहे. त्यानंतरच भूमि आपला उपज देते. पुष्कळ भाविक दया तेवढी मागतात व सत्य नको म्हणतात. घरांत सालगड्याची मजुरी थकलेली असतां, किंवा ऊस तोडावयास बाहेरून आलेल्या टोळीच्या हिशोबांत गडबड केलेली असतां, आमची दशा परत आण असें सभेंत म्हणणें म्हणजे या दोहोंची भेट होऊं न देणें होय.

इंदापूरची गोष्ट तेथें संपत नाहीं. तीस वर्षांची मुदत सरल्यावर सारा पुन्हा वाढला. अमेरिकेंतलें यादवी युद्ध संपून कापसाचा भाव उतरला होता, शेतकरी सावकाराच्या वहींत बुडत चालला होता. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें (हें गांव आज बारामती तालुक्यांत आहे) बाजाराच्या दिवशीं लोक उठले व त्यांनीं सावकारांचे कर्जरोखे व खतें जाळलीं. ती आग आसपास पसरली. पाठोपाठ १८७६-७८ चा मोठा दुष्काळ आला. १८७९ त शेतकऱ्यांच्या कर्जाविषयीं कायदा झाला, आणि १८८५ पासून नीरेचा डावा कालवा वाहूं लागून बारामती व इंदापूर तालुक्यांस पाणी मिळूं लागलें. एका शतकाच्या आंत या भूमीनें दोनदां ओसाडी पाहिली व दोनदां परत येणें पाहिलें. १२६ व्या स्तोत्राच्या तिसऱ्या व चौथ्या वचनांमधली जी जागा, तींत आमचा तालुका बराच काळ राहिला आहे.

कालव्याच्या पाण्याविषयींही एक गोष्ट. पाणी आलें, ऊस आला, आणि कांहीं वर्षांत चांगल्या काळ्या जमिनींतून पांढरा क्षार वर येऊं लागला. १९१० च्या सुमारास पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मान यांनीं नीरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींचा अभ्यास केला. पाणी फार झालें व निचरा नसला म्हणजे असें होतें, हें आतां प्रत्येक बागाईतदार जाणतो. चर खणल्यावांचून ती जमीन सुधारत नाहीं. १०७ व्या स्तोत्रांत सुपीक भूमि खारट होते व वाळवंटाचें पाण्याचें तळें होतें, हीं दोन्ही परमेश्वराचींच कृत्यें म्हणून शेजारींशेजारीं आलीं आहेत. ज्यानें वरदान मागितलें त्यानें त्याचा निचराही पाहावा. हें थोडें विषयांतर झालें, पण ज्यांचीं शेतें कालव्याखालीं आहेत त्यांना तें अस्थानीं वाटणार नाहीं.

आतां एका नाजूक प्रश्नाकडे वळूं. संकट आलें म्हणजे मंडळींत कोणी ना कोणी म्हणतो कीं, यानें पाप केलें असेल म्हणून हें भोगतो आहे. स्तोत्रें याविषयीं एकच सूर धरीत नाहींत. ५१ व्या स्तोत्रांत दावीदाचा अपराध उघड आहे. नाथानानें तो त्याच्या तोंडावर सांगितला, आणि दावीदानें कांहीं लपवाछपवी न करितां दया व शुद्ध हृदय मागितलें. तेथें पश्चात्ताप हीच वाट होय. परंतु ४४ व्या स्तोत्रांत लोक स्पष्ट म्हणतात कीं, आम्हीं करार मोडिला नाहीं, आणि तरी आमची ही गत झाली. प्रभु येशूनेंही शिलोह येथील बुरूज पडून मेलेल्या अठरा माणसांविषयीं तीं इतरांहून अधिक पापी नव्हतीं असें सांगितलें. तेव्हां स्वतःसाठीं प्रार्थना करितांना ५१ वें उघडावें. शेजाऱ्यासाठीं करितांना ४४ वें उघडावें. याच्या उलट करणारे फार आहेत.

मूळ इब्री भाषेंतील दोनतीन शब्द येथें ध्यानांत घेण्यासारखे आहेत. ‘शूब’ म्हणजे फिरणें, परत येणें. माणूस पापापासून फिरतो तोही शूब, आणि देव आपल्या लोकांची दशा फिरवितो तोही शूबच. ८० व्या स्तोत्रांत हीच मागणी तीनदां येते, आणि दर खेपेस देवाच्या नांवाला एकेक पदवी अधिक लागते. दारावर थाप मारणारा दर वेळीं अधिक मोठ्यानें हांक मारतो, तसें. मीही फिरतों आणि तूंही मला फिरीव, अशी ती एकाच शब्दाची दुहेरी प्रार्थना आहे. दुसरा शब्द ‘हेसेद’ : ही नुसती कींव नव्हे, दिलेल्या वचनाला जागणारी प्रीति. तिसरा ‘रहमीम’, ज्याचें मूळ आईच्या उदराच्या नांवांत आहे. आमच्या भाषेंत ‘पोटची माया’ म्हणतात तिच्याशीं त्याचें किती जवळचें नातें आहे!

पंडिता रमाबाई या तीनही शब्दांचा अर्थ पुस्तकाबाहेरही जाणत होत्या. त्यांचे आईबाप व बहीण दुष्काळाच्या हालअपेष्टांत दगावलीं. त्यांनीं स्वतः उपास काढले. पुढें १८९७ त मध्यप्रांतांत व १९०० त गुजराथेंत दुष्काळ पडला, तेव्हां तेथील निराधार मुलींना त्यांनीं आणविलें, आणि याच पुणें जिल्ह्यांत, केडगांव येथें, त्यांचें ‘मुक्ति’ हें आश्रयस्थान वाढलें. उतारवयांत इब्री व ग्रीक शिकून त्यांनीं संपूर्ण पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें, तें खेड्यांतल्या बायांना कळावें अशा सोप्या भाषेंत. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या व १९२४ त तें ग्रंथरूपानें बाहेर आलें. उपाशी मरणारांमधून वाचलेल्या एका बाईनें विलापाचीं हीं सारीं स्तोत्रें शब्दशः मराठींत उतरविलीं, ही गोष्ट तीं वाचतांना आम्हांस नेहमीं आठवते.

ओढ्याच्या दृष्टांतानंतर १२६ वें स्तोत्र एकाएकीं पेरणीकडे वळतें. ओढा एका रात्रींत येतो. पीक चार महिन्यांनीं. देवाची दया दोन्ही चालींनीं येते आणि स्तोत्रकर्ता त्यांतली एकच निवडून मागत नाहीं. पण पेरणारा रडतो कां? ज्यांनीं दुष्काळ काढला त्यांना हें विचारावें. कणगींत राहिलेलें शेवटचें धान्य बियाण्याचें असतें. घरांत पोरें भाकरीला रडत असतात आणि बाप तेंच बीं ओटींत घेऊन शेतावर जातो. जी मूठ चाड्यावर रिकामी होते ती पोराच्या तोंडची असते. तिफण चालते, डोळेही वाहतात. तो पेरणें थांबवीत नाहीं व रडणेंही आंवरीत नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडून व सुकडी खाऊन दिवस काढलेलीं माणसें आमच्या मंडळ्यांत अजून आहेत. त्यांनीं तरुणांस हें वचन शिकवावें. आमच्यापेक्षां त्यांना तें अधिक चांगलें साधेल.

आणि कांठावरल्यांना दुसरेंही भय आहे. ऑक्टोबर २०२० मध्यें अतिवृष्टि होऊन भीमेला पूर आला व पंढरपुरापर्यंत घरांत पाणी शिरलें. जें पाणी मागितलें तेंच गळ्याशीं आलें. अशा वेळीं १२६ वें स्तोत्र वाचूं नये. ६९ वें वाचावें. त्यांत चिखलांत पाय रुतलेल्या, गळ्यापर्यंत पाण्यांत असलेल्या माणसाची हांक आहे. आणि रात्रींच ज्याच्या शेताला वीज मिळते, जो टॉर्च घेऊन सर्पाकिरड्याच्या भयांत पाणी धरीत उभा असतो, त्याला १३० वें द्यावें. पहारेकरी पहांटेची वाट पाहतो हें तेथें एकदां सांगून भागत नाहीं, दोनदां सांगितलें आहे. तें दोनदां कां, हें त्याला विचारावें.

मंडळींनीं हीं स्तोत्रें कशीं चालवावीं, याविषयीं थोडेंसें. वाचणारानें घाई करूं नये. ज्यांना अक्षरओळख नाहीं त्यांच्याकरितां एकानें वचन म्हणावें व सर्वांनीं तें परत म्हणावें. ‘मी’ आलें तरी ‘आम्ही’ समजून म्हणावें, कारण ज्याचें आज ठीक चाललें आहे तो ज्याचें बिघडलें आहे त्याच्या वतीनें बोलत असतो. याचना झाल्यावर ८५ व्या स्तोत्राच्या आठव्या वचनाप्रमाणें देव काय बोलतो तें ऐकण्यासाठीं गप्प राहावें. आमच्या सभांत हा भाग बहुधा गाळला जातो.

राहिलें ८८ वें. सर्व स्तोत्रांत हें एकच असें आहे कीं, त्याच्या शेवटीं उजेड नाहीं. तें अंधारांतच संपतें. पुष्कळ वाचक तें टाळतात. आम्ही म्हणतों, ज्याला कर्जापायीं किंवा शोकापायीं जीव नकोसा झाला आहे त्याला याचीच गरज असते, कारण दुसरें कोणतेंही स्तोत्र म्हणावयास त्याच्या तोंडांत बळ उरलेलें नसतें. तें त्यानें एकट्यानें वाचूं नये. त्याच्याशेजारीं बसून, हळू आवाजांत, त्याच्याबरोबर वाचावें. संपल्यावर लगेच आनंदाचें गीत धरूं नये. थोडा वेळ तसेंच बसावें. मग त्याच्याबरोबर त्याच्या घरापर्यंत चालत जावें, घरच्या माणसांशीं बोलावें, त्या रात्रीं त्याला एकटें सोडूं नये, आणि दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांकडे जावयाचें असल्यास तेंही त्याच्याबरोबर जावें.